ताईच्या टाकीतले फुकटे

घण्यानं ज्या माणसाचा जबडा मोडला, तो माणूस त्याला एवढंच म्हणाला होता, "जरा बाजूला हो." घण्या तेव्हा एका बारच्या दारावर उभा राहायचा. कामच ते होतं, उभं राहायचं. पण नुसतं उभं राहणं त्याला जन्मात कधी जमलं नव्हतं. माणूस पहिल्याच ठोशाला आडवा झाला, तरी घण्या थांबला नाही. त्याला लोकांनी ओढून बाजूला केलं तेव्हा त्याच्या मुठीत दुसऱ्याचा तुटका दात रुतलेला होता. शाळेत असताना मुलांनी घणासारख्या मुठीवरून ठेवलेलं नाव त्यानं असं पुरेपूर खरं करून दाखवलं.

तुरुंगात मात्र तो कुणाच्या अध्यातमध्यात गेला नाही, म्हणून त्याला शिक्षेत सूट मिळाली. अट एकच. पुन्हा कुणावर हात उचलला, तर उरलेली शिक्षा भोगायला परत आत. सुटल्यावर जायचं कुठं, हा प्रश्नच नव्हता. आईबाप केव्हाच गेले होते. उरली होती ती थोरली बहीण.

ताई कवळ्या बनवायच्या. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडातले दात त्यांनी घासून, तासून बसवलेले होते. दिवसभर मेण, प्लास्टर आणि बारीक कानस. हात असा स्थिर, की भरलेला कप घेऊन जिना चढल्या तरी थेंब सांडायचा नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं, आणि पुढच्या खोलीत एका भिंतीला लागून समुद्राच्या पाण्याची टाकी. लग्न टिकलं नाही, मूलबाळ झालं नाही. जे काही वाढवलं ते त्या टाकीत. जांभळी, हिरवी पोवळी, बटणांच्या झुपक्यांसारखी दिसणारी पोवळी, नारिंगी माशांची जोडी. मधोमध एक मोठं पोवळं होतं, पिवळ्या बोटांसारख्या मऊ टोकांचं. अंगठ्याएवढा तुकडा आणून ताईंनी ते कोबीच्या गड्ड्याएवढं केलं होतं. त्याला त्या 'म्हातारी' म्हणायच्या.

घण्या पिशवी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा ताईंनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि समोर बसून सांगितलं, "ऐक. या घरात हात उचलायचा नाही. माझ्यावर नाही, दारावर नाही, भिंतीवरसुद्धा नाही."

"भिंतीवर कोण उचलतंय?"

"आपल्या जुन्या घराच्या भिंतीला विचार."

घण्या हसला. त्याला फर्निचरच्या गोदामात सकाळच्या पाळीचं काम मिळालं. कपाटं उचलायची, ट्रकमध्ये चढवायची. दुपारी तो घरी यायचा आणि टाकीसमोर बसायचा. माशांना बघत एवढा शांत बसायचा, की ताईंना वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

एक दिवस तो फडक्यात गुंडाळलेला, पाण्याच्या पिशवीतला एक दगड घेऊन आला. बाजारातल्या मत्स्यालयाच्या दुकानातून खास ताईंसाठी आणलेला. दगडावर जांभळं पोवळं होतं, आणि एका कोपऱ्यात काचेसारखं, तपकिरी झालरीचं इवलंसं फूल.

"हे बघ, वर फूल फुकट मिळालंय," तो म्हणाला. चेहऱ्यावर एवढा आनंद होता, की ताईंच्या जिभेवर आलेलं जिभेवरच राहिलं. त्यांनी ते फूल ओळखलं होतं. तो ॲनिमोन होता, फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, टाकीवाल्यांच्या नशिबी येणारी कीड. आधी दगड वेगळ्या बादलीत ठेवायला हवा होता. पण भावानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आणून दिलं होतं. त्यांनी दगड तसाच टाकीत ठेवला.

दिवाणावर पाहुणा म्हणून बसलेला माणूस घरमालक होतो, तसं झालं. एकाचे चार झाले, चाराचे किती ते कळेना. दगडांच्या फटींतून, पंपाच्या जाळीतून, काचेच्या कोपऱ्यातून तपकिरी झालरी डोकावू लागल्या. जिथं त्यांचा स्पर्श होई तिथलं पोवळं भाजल्यासारखं पांढरं पडे. घण्यानं विचारलं, ताईंनी सांगितलं. तेव्हा त्याला कळलं की ही पीडा त्यानंच स्वतःच्या हातानं घरात आणली.

"फुकटे साले," तो काचेला नाक लावून म्हणाला. "दुसऱ्याच्या घरात घुसून त्यालाच जाळतात."

दुसऱ्या दिवशी ताई कामावर असताना त्यानं बाह्या वर केल्या आणि पक्कड घेऊन टाकीत हात घातला. एकेक फूल चिमटीत धरायचं, पिळायचं, उपटायचं. ती मागं सरकत, दगडात आत ओढली जात, की तो आणखी चिडे. दगडांच्या धारेवर बोटं कापली, पाणी लालसर झालं, मासे कोपऱ्यात जाऊन चिकटले. शेवटी तो पक्कड दगडावर आपटू लागला, ठेचू लागला. शिव्या देत, घामानं निथळत, खांद्यापर्यंत पाण्यात. टाकीत सगळीकडे तपकिरी चिंध्या तरंगत होत्या.

ताई आल्या तेव्हा तो जमिनीवर बसून रक्ताळलेली बोटं चोखत होता. "संपवले," तो म्हणाला. "एकूण एक."

ताईंनी टाकीत पाहिलं आणि पिशवी खाली ठेवून भिंतीला टेकल्या. "अरे, तू मारले नाहीस. पेरलेस. त्याचा नखाएवढा तुकडा उरला तरी त्यातून नवा उगवतो."

तसंच झालं. पंपानं त्या चिंध्या टाकीच्या कानाकोपऱ्यात नेऊन रुजवल्या आणि महिन्याभरात म्हातारीच्या भोवती तपकिरी कुंपण उभं राहिलं.

मग ताईंनी त्याला रीत शिकवली. कॉस्टिक सोड्याची दाट पेस्ट, इंजेक्शनची सिरिंज, हातात जाड मोजे. पंप बंद करायचा, पाणी स्थिर होऊ द्यायचं. सुई अलगद न्यायची, थेट तोंडावर, आणि थेंबभर सोडायचा.

"सावली पाडू नकोस. रागानं गेलास तर त्याला आधी कळतं, ते मिटतं. त्याला वाटलं पाहिजे घास आलाय."

"म्हणजे प्रेमानं मारायचं."

"असं समज."

"ते कोळंबी सोडतात ना, हे खाणारी? दुकानदार म्हणत होता."

"सोडली होती. तुझ्या पकडीच्या दिवशी मेली."

घण्याला ते लागलं, पण तो शिकला. त्याचे जाडजूड हात सिरिंज धरताना सुइणीच्या हातांसारखे हळुवार व्हायचे. पेस्ट तोंडात गेली की फूल आक्रसायचं, आत ओढलं जायचं, पांढरं होऊन विरघळायचं. घण्या श्वास रोखून ते बघायचा. दोघं बहीणभाऊ संध्याकाळी शेजारी बसून हे काम करत. पण ताईंच्या एक गोष्ट लक्षात आली. त्या फूल संपवून पुढच्याकडे वळायच्या. घण्या वळायचा नाही. मेलेल्यावर आणखी एक थेंब सोडायचा. मग आणखी एक.

"बास," त्या म्हणायच्या. "मेलं ते."

"खात्री करतोय."

त्याच दिवसांत त्यानं विचारलं, हे सगळे दगड काढून उकळत्या पाण्यात का टाकायचे नाहीत? एका दिवसात निकाल. ताईंनी हातातलं काम थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "तो विचारही करू नकोस. ती बटणांसारखी पोवळी आहेत ना, त्यांच्या अंगात विष असतं. दगड उकळला की वाफेबरोबर ते छातीत जातं. माणसं मरता मरता वाचलीत." घण्यानं "बरं" म्हटलं. पण त्याचं लक्ष सुईच्या टोकाकडे होतं.

एवढं करूनही म्हातारी वाचली नाही. एका सकाळी तिची पिवळी बोटं पांढुरकी होऊन ओघळत होती आणि मागच्या फटीतून, जिथं सुई पोचत नव्हती, तपकिरी झालर सावकाश हलत होती. ताई खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या, चहा गार झाला तरी बसून राहिल्या. रागावल्या असत्या, रडल्या असत्या, तर घण्यानं सहन केलं असतं. ते गप्प बसणं त्याच्या डोक्यात गेलं. तो चपला घालून बाहेर पडला.

दुकानदार नुकतंच शटर वर करून टाक्यांचे दिवे लावत होता. किडकिडीत, चष्मेवाला, बोलघेवडा माणूस. "या या, दगड कसा आहे?" एवढंच त्यानं विचारलं.

घण्यानं त्याला शर्टासकट उचललं. "किडलेला माल विकतोस? माझ्या बहिणीला?"

"अहो, सोडा... मी सांगितलं होतं, आधी बादलीत..."

त्यानं खरंच सांगितलं होतं. तेवढ्यानंच घण्याचा तोल सुटला. त्यानं दुकानदाराची मान धरली आणि त्याचं डोकं उघड्या टाकीत बुडवलं. चष्मा तळाला गेला. दुकानदाराचे पाय लाद्यांवर घासले, हातांनी काचेवर थापा मारल्या, तोंडातून बुडबुड्यांचा लोट आला. घण्यानं त्याला वर काढलं, एक श्वास घेऊ दिला आणि पुन्हा बुडवलं. रंगीत मासे त्या माणसाच्या केसांतून सैरावैरा पळत होते. तिसऱ्यांदा बुडवताना मागून काहीतरी फाडकन कानशिलावर बसलं. दुकानदाराच्या बायकोनं लाकडी स्टूल उचलून हाणलं होतं. ती थांबलीही नाही. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा गुडघ्यावर. घण्या कानातून रक्त गळत रस्त्यावर आला. आत ती बाई नवऱ्याला पालथा घालून पाठीवर थापट्या मारत होती, आणि तो खारं पाणी ओकत होता.

घण्याच्या कानाला पट्टी बांधताना ताईंनी सगळं काढून घेतलं आणि संध्याकाळी त्या दुकानात गेल्या. दुकानदार गळ्याला टॉवेल गुंडाळून बसला होता, आवाज फुटत नव्हता.

"तक्रार केलीत तर मी अडवणार नाही," ताई म्हणाल्या. "माफी मागायला आलेय, एवढंच."

"तुम्ही माझ्या जुन्या गिऱ्हाईक, ताई. तुमच्याकडे बघून सोडतोय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

त्याची बायको पुढं झाली. "माझ्या हातात असतं तर सोडलं नसतं. आज यांचं तोंड पाण्यात घातलं, उद्या तुमचं घालेल. तुम्ही त्याच्या मागून सारवत फिरताय ना, म्हणून तो सांडत फिरतोय."

ताई घरी आल्या. कानाला पट्टी बांधलेला घण्या खाली मान घालून बसला होता.

"ही शेवटची वेळ," त्या म्हणाल्या. "यापुढं कुणाला बोट जरी लावलंस, तरी या घरातून बाहेर."

"तुझ्यासाठीच गेलो होतो."

"माझ्यासाठी काही करायचं असेल, तर काही करू नकोस."

पण काही न करणं हीच तर त्याची अडचण होती. दोन-तीन दिवस तो गोगलगायीसारखा घरात वावरला. चहा करून ठेवायचा, भांडी घासायचा. एका दुपारी मात्र तो टाकीसमोर उभा राहिला आणि त्यानं ठरवलं, ताई येण्याआधी सगळं साफ करायचं. कुणावर हात उचलायचा नव्हता. नुसतं पाणी उकळायचं होतं. विषाचं ताई काहीतरी बोलली होती, पण खिडकी उघडी ठेवली की झालं, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग वाऱ्यानं गॅस विझायला लागला, म्हणून खिडकीही लावून घेतली.

घरातलं सर्वांत मोठं पातेलं त्यानं चढवलं. एकेक दगड काढला आणि खळखळत्या पाण्यात सोडला. तपकिरी फुलं क्षणात आक्रसली, फेस आला, कुजक्या शेवाळाचा आणि जळक्या माशाचा वास सुटला. घण्या पातेल्यावर वाकून बघत होता. चमच्यानं ढवळत होता. "आता या बाहेर," तो म्हणत होता. "या की." एक घाणा काढून दुसरा टाकत दुपार गेली. जिभेवर तांब्याचं नाणं ठेवल्यासारखी कडू चव आली. मग खोकला आला. मग थंडी वाजू लागली, दात वाजू लागले, छातीवर कुणीतरी कपाट ठेवल्यासारखं झालं. तरी तो ढवळत राहिला.

ताईंनी दार उघडलं तेव्हा वाफ पुढच्या खोलीपर्यंत आली होती. अर्धी रिकामी टाकी, जमिनीवर पाणी, आणि स्वयंपाकघरात पातेल्याला धरून उभा असलेला, लालबुंद डोळ्यांचा भाऊ. त्यांना एका क्षणात सगळं कळलं. पदर नाकाशी धरून त्या आत घुसल्या, गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि त्याचा दंड धरून ओढू लागल्या.

"बाहेर! आत्ताच्या आत्ता बाहेर!"

घण्याच्या तापलेल्या डोक्यात ते शब्द वेगळेच शिरले. "मला बाहेर काढतेस?" तो खोकत ओरडला. "तुझ्यासाठी हे करतोय, आणि मला बाहेर?"

"अरे, श्वास बंद होईल तुझा, चल..."

"नाही जाणार मी!"

त्या ओढत राहिल्या. दोघं पुढच्या खोलीत आले आणि तिथं त्याचा हात सुटला. त्यानं बहिणीला मूठ मारली, बारच्या दारावर मारायचा तशीच, खालून वर, पूर्ण वजनानिशी. ती मूठ त्यांच्या गळ्याखालच्या हाडावर बसली. काडकन हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. ताई उडून टाकीच्या कोपऱ्यावर आदळल्या. आधी काचेत एक रेघ धावली, मग पूर्ण काच फुटली आणि टाकीत उरलेलं पाणी दगड, वाळू, काचा घेऊन त्यांच्या अंगावरून खोलीभर पसरलं. नारिंगी मासे लादीवर फडफडत होते.

घण्या आपल्या मुठीकडे बघत उभा होता. "ताई," तो म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले, गुडघे दुमडले आणि तो पाण्यात तोंडघशी पडला.

ताईंचा डावा हात लोंबत होता. कपाळावरून रक्त डोळ्यात येत होतं. दार चार पावलांवर होतं आणि ते उघडं होतं. त्या आधी एकट्याच दारापर्यंत गेल्या. बाहेरची स्वच्छ हवा त्यांनी छातीभर ओढून घेतली. तिथून एकदा वळून पाहिलं. त्यांना त्या क्षणी त्याची दया आली नाही, माया तर नाहीच. मनात एवढंच आलं, की हा इथं मेला तर ह्याला कधीच कुणी जाब विचारणार नाही. मग त्यांनी श्वास रोखला, परत आत गेल्या, त्याच्या शर्टाची कॉलर उजव्या हाताच्या मुठीत पिळून धरली आणि काचांवरून, वाळूवरून त्याला ओढू लागल्या. मोडलेलं हाड आतल्या आत घासत होतं. त्या किंचाळत होत्या आणि ओढत होत्या. ओल्या लादीवर तो देह कसाबसा सरकला.

समोरचे टेलरकाका आवाज ऐकून धावत आले. "आत जाऊ नका!" ताई ओरडल्या. "विषारी वाफ आहे. अँब्युलन्स बोलवा!" आणि जिन्याच्या कठड्याला पाठ टेकून खाली बसल्या.

घण्या तीन दिवस ऑक्सिजनवर होता. ताईंनाही ताप भरला, खोकल्यानं जीव नकोसा झाला, पण त्यांनी वाफ कमी घेतली होती. हाडाला पट्टी घातली, कपाळाला टाके पडले.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "हे कसं झालं?" मागं हवालदार उभा होता, हातात पेन घेऊन. तो भला माणूस असावा. "ओल्या फरशीवर पाय घसरला असेल," त्यानं वाट काढून दिली. "टाकी फुटली होती ना?"

ताईंना आई आठवली. बाप मारायचा आणि आई दवाखान्यात सांगायची, न्हाणीघरात पडले. एवढ्या वेळा सांगायची, की शेवटी डॉक्टर विचारायचेच नाहीत, नुसते लिहायचे. घण्या तेव्हा तिच्या कडेवर असायचा आणि ताई शेजारी उभ्या. दोघांनी तेच ऐकलं होतं. शिकले मात्र वेगवेगळं.

"नाही," ताई म्हणाल्या. "माझ्या धाकट्या भावानं मारलं. आणि त्या आधी मत्स्यालयाच्या दुकानदाराला पाण्यात बुडवलं. तेही लिहा."

"बाई, लिहिलं की तो परत आत जाईल."

"माहीत आहे."

सही करायला उजवा हात धड होता. कवळीला कानस लावावी तशी त्यांनी ती सावकाश केली.

घण्या बरा झाला आणि दवाखान्यातून थेट तुरुंगात गेला. ताईंनी फुटलेली टाकी भंगारात दिली. वाचलेले दोन दगड दुकानदाराकडे दिले, ते घ्यायला त्याची बायको आली होती. तिनं खोली पाहिली, ताईंच्या गळ्यातली हाताची झोळी पाहिली. मागचं काही न उगाळता तिनं झाडू घेतला आणि कपाटाखालच्या काचा काढून दिल्या.

हाड जुळल्यावर ताई भावाला भेटायला गेल्या. लांब टेबल होतं, दोन बाजूंना खुर्च्या, भिंतीपाशी शिपाई. घण्या वाळला होता. जिना चढला की अजून धाप लागते म्हणाला.

"मासे?" त्यानं विचारलं.

"मेले."

त्यानं टेबलावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाला, "सुटलो की तुला नवीन टाकी करून देतो. याहून मोठी. मी स्वतः..."

"सुटलास की माझ्याकडे यायचं नाही."

त्यानं मान वर केली.

"गोदामाजवळ खोली बघ. मी मदत करीन शोधायला. पण माझ्या घरात आता नाही. कधीच नाही."

"म्हणजे तूही..." घण्याचा आवाज चढला. मानेची शीर फुगली. टेबलाची कड त्यानं अशी आवळली, की फळी करकरली आणि बोटांची पेरं पांढरी पडली. शिपाई भिंतीपासून पुढं सरकला. ताईंच्या खांद्यात जुनी कळ उठली. पण त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत.

घण्यानं शिपायाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. खाली वाकून त्यानं दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले आणि तसाच बसून राहिला, धापा टाकत, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. शिपाई जागीच थांबला.

"भेटायला येशील का?" त्यानं विचारलं.

"दर रविवारी."

"हात असेच ठेवून बसेन मी."

"ठेव," ताई म्हणाल्या. "आधी नीट श्वास घे. मग सांग, जेवण कसं देतात इथं?"